जोर कोणत्या अक्षरावर

माझी मुलगी इटलीला नर्स म्हणून जाणार हे ठरलं, तेव्हा इटली कुठल्या बाजूला आहे हेही मला माहीत नव्हतं. तिथे जायला त्यांची भाषा यावी लागते. नुसती येऊन चालत नाही, परीक्षा द्यावी लागते, आणि ती दोनदाच देता येते. पहिल्या खेपेला ती नापास झाली. दुसऱ्या खेपेलाही झाली असती तर तिकडे जाणाऱ्या नर्सांच्या यादीतून तिचं नाव निघालं असतं आणि सगळं तिथेच संपलं असतं.

त्या दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी एक गोष्ट केली. खरं म्हणजे करायला हवी होती ती केली नाही. तेच लिहून ठेवते आहे. कुणाला दाखवायचं नाही.

आम्ही दोघी जळगावला राहतो. मुलगी एका खाजगी दवाखान्यात नोकरीला होती आणि मी घरी उडदाचे पापड लाटते. नवरा गेला त्याला आता आठ वर्षं होतील. माझं माहेर भडगावकडचं, गिरणेच्या काठचं. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागायचं, म्हणून थांबली. वाचायचं मात्र मी थांबवलं नाही. पुडीचा कागद आला तरी तो सरळ करून वाचते. बोलणं तेवढं कमी. पहिलीत गुरुजींनी विचारलं होतं, गाय कुठे आहे? मी उभी राहून घरच्या बोलीत म्हटलं, "गाय गोठामा शे." गुरुजींनी माझ्यासारखाच हेल काढून ते वर्गाला ऐकवलं. घरी सगळी मुलं तसंच बोलणारी, पण हसली. तेव्हापासून चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की आधी मनात दहादा म्हणून बघते, आणि तोवर बोलायची वेळ निघून जाते.

इटालियन शिकवणाऱ्या मॅडम धुळ्याला देवपूरमध्ये होत्या. मुलगी दर रविवारी तिकडे जायची. बाकीचे दिवस मॅडम फोनवर स्वतःच्या आवाजात धडे पाठवायच्या. मुलीच्या ड्युट्या आठवड्याला बदलत. ती घरी आली की जेवून झोपायची, ऐकणार कधी? जुना फोन ती घरीच ठेवून जायची, आणि दिवसभर पापड लाटताना धडे मीच लावायची. आधी नुसती सोबत म्हणून. कुणीतरी बोलतंय आणि उत्तर द्यावं लागत नाही, हे मला बरं वाटायचं. मॅडम एक वाक्य म्हणायच्या, मग त्याचा मराठी अर्थ, मग तेच वाक्य पुन्हा. महिन्याभरात माझं लाटणं त्यांच्या बोलण्याबरोबर चालायला लागलं.

पहिल्या परीक्षेत मुलगी कशामुळे पडली ते मॅडमनी फोनवर सांगितलं. फोन स्पीकरवर होता, मी लाटीला तेल लावत होते.

"तुला शब्द येतात, व्याकरण येतं," मॅडम म्हणाल्या, "पण तू जोर भलत्याच अक्षरावर देतेस. समोरच्या बाईंनी तीनदा विचारलं, काय म्हणालात? एकदा तर तू यकृत म्हणालीस आणि त्यांना काहीच कळलं नाही."

"मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना, शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर द्यायचा म्हणून."

"बहुतेक वेळा म्हटलं होतं मी. बहुतेक!"

तिची चूक कुठे होती ते मला त्याच दिवशी समजलं. इटालियन लिहिताना जोर दाखवतच नाहीत. अगदी शेवटच्या अक्षरावर असेल तरच वर एक तिरकी रेघ काढतात. बाकी सगळं वाचणाऱ्यानं आपलं आपण जाणायचं. मुलगी छापील कागदावरून पाठ करायची. कागदावर सगळी अक्षरं सारखीच दिसतात. मला ती लिपी वाचताच येत नव्हती, म्हणून मी कानावरच होते.

मग आम्ही एक पद्धत बसवली. तिने एक वही केली आणि शब्द आपल्या अक्षरात लिहिले, म्हणजे मला वही धरून तिला विचारता येईल. प्रत्येक शब्द फोडून लिहायचा, मध्ये आडवी रेघ, आणि जोराच्या अक्षराखाली लाल पेन. ओ-स्पे-दा-ले म्हणजे दवाखाना, दा खाली लाल. मे-दि-को म्हणजे डॉक्टर, मे खाली लाल. फार-मा-ची-या म्हणजे औषधाचं दुकान, ची खाली लाल. ती म्हणायची आणि मी लाटणं फिरवायची, अक्षराला एक दाब. लाल अक्षर आलं की लाटण्यावर अंग टाकायचं. ती चुकली की माझा हात आणि तिचं तोंड वेगळं पडायचं. पापड एका बाजूला जाड राहायचा.

"हा बघ, तुझ्या डॉक्टरने माझा पापड वाकडा केला," मी म्हणायची.

"मेदीको," ती पुन्हा तसंच म्हणायची, मुद्दाम.

"अजून एक बिघडला. आज जेवणात सगळे डॉक्टरच तळते."

फोडण्यावरून आमचं भांडणही झालं. दवाखाना फोडताना स आणि पे एकत्र ठेवायचे, ओ एकटा. ते मला लगेच पटलं, कारण आपल्या लिहिण्यातही स्पे हे एकच अक्षर. पण सात म्हणजे सेत्ते, ते ती सेत्-ते असं फोडायची. मी म्हटलं, जोडाक्षर असं मधून तोडत नाहीत, से-त्ते लिही.

"त्यांच्याकडे तोडतात, माय. एक त इकडे, एक त तिकडे."

"आमच्या गुरुजींनी छडी मारली असती."

"तू म्हणून तर बघ. सत्ता म्हण. हळू म्हण."

मी म्हणून बघितलं. जीभ मध्ये थांबते, हे खरं. पन्नास वर्षं मी पत्ता, भट्टी, चटणीचा बत्ता म्हणत आले आणि लिहिताना एक करते पण तोंडाने दोन करते, हे मला त्या दिवशी कळलं. आणि तो एक त खाल्ला तर सेते होतं, म्हणजे तहान. रोग्याला तहान लागली आणि नर्सनं सात ऐकलं तर? मुलगी हसली, पण मी ते विसरले नाही. तिथून पुढे मी फार लक्ष देऊन ऐकायला लागले.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मॅडमनी नवे धडे पाठवले. एका नर्सची ड्युटी संपताना ती दुसऱ्या नर्सला रोग्याची माहिती देते, तसा एकेक उतारा. दुसऱ्या खेपेला हेच वाचायला देणार, आणि मार्क मुख्यतः उच्चारावर, असं त्यांनी सांगितलं होतं. त्याच आठवड्यात मुलीला डबल ड्युट्या लागल्या. तिने उतारे छापून आणले आणि येता-जाता कागदावरून पाठ केले. आवाज ऐकायला तिला सवड झाली नाही. मी मात्र ते सगळे ऐकले, चार-चार वेळा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती चुलीशेजारच्या पाटावर बसली आणि पहिला उतारा घडाघडा म्हणाली. मी बट्टीची कणीक मळत होते. दुसरंच वाक्य होतं: "इल पात्सियेंते आ सूबितो उन इंतेरवेंतो."

माझा हात थांबला.

सूबितो हा शब्द आमच्या वहीत होता. सू खाली लाल. अर्थ, लगेच. पण मॅडमच्या आवाजात हे वाक्य असं नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या, सुबीतो. जोर बी वर. आणि मराठीत सांगितलं होतं, रुग्णाचं ऑपरेशन झालेलं आहे. लिहायला दोन्ही एकच, म्हणायला दोन. मुलीला एकच माहीत होता, आणि तोच ती दोन्हीकडे वापरत होती. झालेलं आहे म्हणायच्या जागी ती लगेच म्हणत होती. माझ्या मनात आलं, एकदा चिरलेल्या माणसाला पुन्हा चिरायला नेतील.

"बरोबर ना?" तिने विचारलं. "कुठे चुकले?"

हे ती रोज विचारायची. मी रोज सांगायची.

"नाही," मी म्हटलं. "चांगलं झालं."

ती आंघोळीला गेली. मी हात पुसले, जुना फोन घेतला, आवाज बारीक केला आणि तो उतारा कानाला लावला. सुबीतो. परत लावला. सुबीतो. म्हणजे मला शंका होती असंही म्हणता येत नाही. मला पक्कं माहीत होतं आणि मी फोन होता तिथे ठेवून दिला.

मला कुणी विचारलं असतं की तुला मुलगी नापास व्हायला हवी आहे का, तर मी नाहीच म्हटलं असतं. मी तिच्यासाठी साडेतीनशे शब्द ऐकून पाठ केले होते. पण ती हरली तर ती राहील, हे मला त्याच सेकंदाला दिसलं. तीच खोली, तिच्या ड्युट्या, संध्याकाळी पाटावर बसून बडबड. यात मला खोटं काही बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला मला कुणी शिकवायला नको.

ती न्हाऊन आली. आम्ही वरण-बट्टी खाल्ली. तिने दोनदा तूप मागितलं. "उद्या तू पण चल," ती म्हणाली. "मागच्या वेळी एकटी होते."

नाही कशी म्हणणार?

सकाळी सातची धुळ्याची बस मिळाली. ती खिडकीशी, मी मध्ये, तिसरी जागा रिकामी. बस सुटल्याबरोबर तिने कागद काढला आणि पुटपुटायला लागली. मी ठरवलं, पाळधी आलं की सांगते. पाळधी आलं. दोन माणसं चढली, एक उतरला, बस निघाली. मी ठरवलं, एरंडोल. मध्ये तिने तो उतारा दोनदा म्हटला आणि दोन्ही वेळा सूबितो आला. आता सांगितलं तर ती विचारेल, काल का नाही सांगितलं? आणि जितका वेळ जाईल तितकं ते विचारणं मोठं होत जाणार होतं. पाळधीला सांगितलं असतं तर म्हणता आलं असतं, आत्ता लक्षात आलं. तेही खोटंच, पण निभलं असतं.

एरंडोलला एक म्हातारी चढली आणि तिसऱ्या जागेवर बसली. पिशवीत वांगी होती, भरताची, हिरवी. तिने थोडा वेळ मुलीचं पुटपुटणं ऐकलं आणि मला कोपराने ढोसलं.

"कोनता मंतर शे व माय?"

"मंतर नही," मी म्हटलं. "तिनी परीक्षा शे."

"मंग कोनती भाषा म्हनी ऱ्हायनी ती?"

"इटालियन."

"हाई कोनतं गाव?"

मुलगी हसली. "लांब आहे आजी. विमानाने जायचं."

"आनि तू बी जाशी?" म्हातारीने मला विचारलं.

"नही. ती एकलीच."

म्हातारीने मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आनि तू धाडी ऱ्हायनी? हाई बठ्ठं आयकी-आयकी तिले धाडी ऱ्हायनी?" ती म्हणाली. "तुनी छाती मोठी शे व माय. मी तं मन्ही पोरले पारोळाले दिधी तरी महिनाभर रडनू."

मी खाली बघितलं. एवढं सगळं ऐकूनही लेकीला लांब धाडते म्हणून छाती मोठी! मला वाटलं हिने माझ्या पोटातलं वाचलं आणि टोमणा मारला. तिने तसं काही केलेलं नव्हतं. ती पारोळ्याला लेकीकडे उतरली आणि जाताना मुलीच्या हातात एक वांगं ठेवून गेली, परीक्षेला निघालेल्या पोरीला काहीतरी द्यावं म्हणून.

"हे घेऊन मी परीक्षेला बसू?" मुलगी म्हणाली. तिने ते माझ्या पिशवीत टाकलं आणि लगेच परत कागदाकडे वळली. "माय, मला विचार ना. वही काढ. शेवटचं एकदा."

मी वही काढली. लाल अक्षरं बसच्या हेलकाव्यात नाचत होती. मी विचारत गेले, ती सांगत गेली. यकृत, फे-गा-तो, जोर फे वर. पोट, स्तो-मा-को, जोर स्तो वर. सगळं बरोबर. वहीत जे होतं त्यात ती आता कुठेच चुकत नव्हती. जे वहीत नव्हतं ते फक्त माझ्याकडे होतं.

फागणे गेलं. धुळ्याची घरं सुरू झाली. स्टँडवर उतरून आम्ही रिक्षा केली. पांझरेच्या पुलावर रिक्षा थोडी अडकली, पुढे एक ट्रॅक्टर होता. तिने माझा हात धरला.

"माय, यावेळी नाही झालं ना, तर मी परत नाही करणार हे. मला जमणारच नाही मग. तुला सांगून ठेवते."

ट्रॅक्टर बाजूला झाला.

परीक्षा एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत होती. तिथे कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि पलीकडून इटलीतली दोन माणसं ऐकणार. फाटकापाशी दहा-बारा मुली आणि त्यांची माणसं उभी होती. शिपाई यादी घेऊन एकेकीला आत सोडत होता. मोबाइल बाहेर ठेवायचे म्हणून तिने आपला फोन माझ्याकडे दिला. ओळखपत्र काढलं, केस नीट केले, शिपायासमोर जाऊन उभी राहिली. तिचा नंबर आला. तिने एक पाय आत टाकला.

"सुबीतो," मी म्हटलं.

फार मोठ्याने निघालं ते. सगळे वळले. एका मुलीचे वडील माझ्याकडे बघतच राहिले. शिपाई म्हणाला, "काय झालं, मावशी?"

ती मागे आली. "काय म्हणालीस?"

"आ सुबीतो. सू वर नही, बी वर. ऑपरेशन झालेलं आहे असं म्हणायचं तेव्हा बी वर जोर. लगेच म्हणायचं तेव्हाच सू वर. मॅडमनी आवाजात तसं म्हटलंय. तू चुकी ऱ्हायनी."

तिचे ओठ हलले. आधी सूबितो, मग सुबीतो. तिला पटलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि पटल्यानंतर जे यायचं तेही आलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

आत्ता आठवलं, असं म्हणता आलं असतं. शिपाई यादीवर पेन वाजवत होता.

"कालपाईन."

"मी विचारलं होतं काल. कुठे चुकले म्हणून."

"हो."

"आणि बसमध्ये? पूर्ण रस्ता?"

"हो."

"चला ताई, चला," शिपाई म्हणाला, "आत जाऊन म्हणा काय म्हणायचं ते."

तिचा चेहरा इतका लाल झाला की मला वाटलं ती तिथेच रडेल आणि माझ्यामुळे आतही रडत जाईल. ती रडली नाही. तिने माझ्याच डोळ्यांत बघून ते वाक्य पूर्ण म्हटलं, बी वर जोर देऊन. मग परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तो जोर माझ्यावरच टाकल्यासारखा होता. मग वळून आत गेली.

दीड तास मी फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसले. ऊन अंगावर येत गेलं तरी उठले नाही. बाजूच्या बाया आपापल्या मुलींच्या गोष्टी सांगत होत्या. एकीने मला विचारलं, "तुम्हालाही येतं का हो इटालियन?" मी नाही म्हटलं.

ती बाहेर आली तेव्हा मी उभी राहिले. तिने नुसतं सांगितलं, "वाचायला दुसरा उतारा आला. पण त्यातही होतं ते. शेवटच्या ओळीत."

"मग?"

"बरोबर म्हटलं मी."

आणि चालायला लागली.

ती पास झाली. निकाल तीन आठवड्यांनी आला. हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला परतीच्या बसबद्दल लिहायचं आहे.

परतीच्या बसमध्ये तिने कानात वायरी घातल्या आणि खिडकीकडे तोंड केलं. मी तिच्या पाठीकडे बघत बसले. मला तिची माफी मागायची होती, पण माफी म्हटली की काय-काय सांगावं लागेल याची मला भीती वाटत होती. बस गच्च भरली होती. आमच्या डोक्यावर माणसं लोंबकळत होती.

एरंडोलच्या अलीकडे तिने वायरी काढल्या.

"मी नापास व्हावं असं तुला वाटत होतं?"

"नही."

"मग काय वाटत होतं?"

मी मान हलवली.

"मान नको हलवू. तोंडाने सांग. तू नेहमी हेच करतेस. मी नर्सिंगला गेले तेव्हाही काही बोलली नाहीस, अर्ज भरला तेव्हाही नाही. मला वाटायचं तुला चालतंय सगळं. मी मॅडमना, मैत्रिणींना सांगायची, माझ्या आईची काही ना नाही. तीच शिकवते मला." तिचा आवाज फुटला. "मला तुझ्याशी भांडता तरी आलं असतं ना, माय. तू बोललीच नाहीस तर मी भांडू कुणाशी?"

आमच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने तोंड वळवलं. बसमधले सगळे ऐकत होते की नाही मला माहीत नाही. मला वाटत होतं सगळेच ऐकताहेत. मी ते वाक्य मनात एकदाही म्हणून बघितलं नाही.

"जाऊ नको," मी म्हटलं.

तिने काढलेल्या वायरी मुठीत गुंडाळल्या.

"जाऊ नको. मना जीव लागाव नही. मी एकली काय करू त्या खोलीमा?"

तिने डोळे पुसले.

"कधीपासून म्हणायचं होतं हे?" तिने विचारलं. तिचा आवाज आता खाली आला होता.

"पहिला दिनपाईन."

"मी जाणार आहे, माय."

"माले माहीत शे."

"तरी म्हणायचं. आता रोज म्हण. मी रोज नाही म्हणेन. पण गप्प बसून काही करू नको."

पास झाल्यावर कागदपत्रांना पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मी रोज म्हटलं. कधी भाजी चिरताना, कधी ती ड्युटीला निघताना चप्पल घालत असताना. ती रोज नाही म्हणाली. कधी वैतागून, कधी हसत, एकदा तोंडात दात घासायचा ब्रश असताना. एकदा आम्ही खरंच भांडलो, मोठमोठ्याने, आणि शेजारीण दाराशी आली. मला लाज वाटली नाही. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही, पण ते न बोलणं वेगळं होतं. त्यात दोघींनाही माहीत होतं काय चाललंय ते.

जायच्या दिवशी मी भुसावळपर्यंत तिच्याबरोबर गेले. मुंबईची गाडी तिला तिथून सोयीची होती, आणि दवाखान्यातल्या दोन मैत्रिणी तिथेच भेटणार होत्या. मैत्रिणी आल्या, हार घातले, फोटो काढले. गाडी लागली. सामान चढलं. ती दारात उभी राहिली आणि मैत्रिणींशी बोलता बोलता मधेच माझ्याकडे वळली. नुसती बघत राहिली, वाट बघितल्यासारखी.

गाडी हलली.

"जाऊ नको," मी म्हटलं. प्लॅटफॉर्मवर सगळे होते.

"येते, माय," ती म्हणाली.